रुपये किती असावेत?

26 जून 1893 पर्यंत मुंबईच्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन जाई आणि तिचे रुपये पाडून आणी. सराफ विटा नेत, व्यापारी लगडी नेत. देशात नाणे किती असावे, हे चांदीच्या भावावर आणि लोकांच्या गरजेवर ठरे. त्या दिवशी कायदा झाला आणि टांकसाळ लोकांसाठी बंद झाली.

कारण विलायतेत होते. जर्मनीने सोन्याचे चलन धरल्यावर चांदी कोसळली. दोन शिलिंगांचा रुपया पंधरा पेन्सांच्या आसपास आला. विलायतेची देणी मात्र पौंडात, त्यामुळे सरकारची तिजोरी दरवर्षी अधिक रिकामी होऊ लागली. रुपये दुर्मीळ केले की त्यांचा भाव चढेल, हा सरकारचा हिशेब. तो खरा ठरला आणि 1898 पर्यंत रुपया सोळा पेन्सांवर पोचला. पण तोवर नवे नाणे जवळजवळ पडलेच नाही. व्यापार वाढत होता, हंगामात कापसाला रोख पैसा लागत होता, तो मिळेना. 1896-97 च्या दुष्काळात ज्यांनी गोठ-तोडे मोडायला काढले, त्यांच्या हाती नुसत्या चांदीचा पडलेला भाव आला. पूर्वी त्याच वजनाचे थेट रुपये झाले असते. हा अन्याय फार मोठा होता.

1900 पासून सरकारने स्वतःच्या मर्जीने रुपये पाडायला घेतले.

पुढे महायुद्धाने उलटे संकट आणले. रुपयात 165 ग्रेन शुद्ध चांदी. तिचा भाव औंसाला 43 पेन्सांवर गेला की सोळा पेन्सांचा रुपया वितळवणेच फायद्याचे. नाणी गायब होऊ लागली. 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट निघाली, 1918 साली अमेरिकेकडून चांदी विकत घ्यावी लागली. युद्धापूर्वी सुमारे 66 कोटींच्या असलेल्या नोटा 1919 अखेर 180 कोटींच्या घरात गेल्या. माल तेवढा वाढलाच नव्हता. महागाईने पोळलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याच वर्षी जानेवारीत संप केला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात नेमके यावरच बोट ठेवले. रुपयाचा पौंडातला दर सांभाळला तरी त्याची देशातली खरेदीशक्ती सांभाळली जात नाही. टांकसाळ लोकांना बंद केली, तशी सरकारलाही बंद करा, रुपयांच्या संख्येला मर्यादा घाला, ही त्यांची मागणी. कामगाराच्या पगाराकडे पाहणारा अर्थशास्त्रज्ञच हे इतक्या स्पष्टपणे मांडू शकतो. डिसेंबर 1925 मध्ये सरकारने नेमलेल्या चलन आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

आयोगाने मध्यवर्ती बँक सुचवली. ती 1935 मध्ये आली. रुपयाचा दर मात्र अठरा पेन्स ठरला. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी सोळा पेन्सांचा आग्रह धरून भिन्न मतपत्रिका लिहिली. अठरा पेन्स टिकवायचे तर चलन आवळावे लागणार होते, आणि पुढच्या काही वर्षांत सरकारने ते आवळलेही.