जॅकीचा लग्नाचा ड्रेस नक्की कोणासाठी होता?

लग्नाचा ड्रेस निवडताना पहिला प्रश्न असतो, "माझ्या अंगाला कुठला कट शोभेल?" आज अशा एका ड्रेसची गोष्ट, जो सगळ्या जगाला आवडला, फक्त नवरीला सोडून.

१२ सप्टेंबर १९५३. अमेरिकेतलं न्यूपोर्ट. सेनेटर जॉन केनेडी आणि जॅकलिन बूव्हिए यांचं लग्न. ड्रेस हस्तिदंती रंगाच्या रेशमी टाफेटाचा, कापड जवळजवळ ५० यार्ड. खांद्यापर्यंत उघडा गळा, घट्ट कंबर आणि खाली फुगलेला प्रचंड घेर. १९४७ मध्ये ख्रिश्चन डिऑरने 'न्यू लुक' आणल्यापासून हाच घेर फॅशनमध्ये होता.

आता जॅकी कशी? उंच, सडपातळ, रुंद खांद्यांची. तिला साधा, सरळ रेषेचा ड्रेस हवा होता म्हणे. पण सासरे जोसेफ केनेडी यांना थाटमाट हवा होता, आणि चाललं त्यांचंच. तो ड्रेस तिला लॅम्पशेडसारखा वाटायचा, असंही सांगतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, युजर एक आणि रिक्वायरमेंट देणारा दुसराच!

मग दोष शिवणारीचा का? अजिबात नाही. ॲन लो ही अलाबामाची कृष्णवर्णीय डिझायनर. तिची आजी गुलामगिरीत राहिलेली, शिवणकाम करणारी. लग्नाच्या साधारण दहा दिवस आधी ॲनच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत पाण्याचा पाइप फुटला. १५ पैकी १० ड्रेस खराब झाले, नवरीचा धरून. तिने नवं कापड आणलं, जादा माणसं लावली, सगळं पुन्हा शिवलं आणि केनेडींना कळूही दिलं नाही. ७०० डॉलर नफा व्हायचा, त्याऐवजी २,२०० डॉलर तोटा झाला. लग्नाच्या बातम्यांत मात्र तिचं नाव जवळजवळ कुठेच नव्हतं.

पुढे व्हाइट हाऊसमध्ये जॅकीने बिनबाह्यांचे, सरळ रेषेचे ड्रेस घातले आणि तीच तिची ओळख बनली. १९६८ मध्ये दुसऱ्या लग्नाला, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिने व्हॅलेंटिनोचा आखूड लेसचा ड्रेस निवडला. बंद गळा, लांब बाह्या, चुण्यांचा स्कर्ट. पन्नास यार्डांचा पसारा गेला.

ए-लाइन की बॉल गाऊन, हे चार्ट बघून ठरवता येतं. पण ट्रायल रूममध्ये "छान दिसतंय" कोण म्हणतंय, तेही बघा. आणि शिवणाऱ्या ताईंचं नाव विचारायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!