वृत्तपत्रांचें जतन

ऐतिहासिक साधनांत बखरी, पत्रें, शकावल्या, करिने व ताम्रपट यांस जो मान आहे, तो वृत्तपत्रांस आमच्या संग्राहकांनीं अद्याप दिलेला नाहीं. छापील म्हणजे सुलभ, व सुलभ म्हणजे संग्रहास अपात्र, अशी समजूत यामागें दिसते. ती कितपत साधार आहे, हें पाहूं.

बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' काढिलें. एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी, अशी त्याची रचना होती. आरंभीं पाक्षिक असलेलें हें पत्र त्याच वर्षीं साप्ताहिक झालें व १८४० सालीं बंद पडलें. पुढच्याच वर्षीं भाऊ महाजन यांचा 'प्रभाकर' निघाला. लोकहितवादींचीं 'शतपत्रें' १८४८ पासून प्रथम त्यांतच प्रसिद्ध झालीं. अर्थात् त्या लेखांचा मूळ पाठ पाहूं जाणारास मागाहून झालेल्या पुस्तकांवर विसंबून चालत नाहीं. 'प्रभाकरा'चे अंकच पाहिले पाहिजेत. पोथीच्या पाठनिर्णयास जो नियम, तोच येथें.

परंतु कागदाची गति निराळी. पेशवे दफ्तरांतील हातकागदावरील पत्रें दोनशें वर्षें उलटूनहि वाचतां येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वृत्तपत्रांकरितां लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद रूढ झाला. त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो व घडीवर तुटतो. सबब जुना अंक अलीकडील अंकाहून टिकाऊ ठरूं शकतो.

आतां तर छापील अंकासच ओहोटी लागली असून वार्ता विद्युत्पटलावर वाचिली जाते. छापील अंकांतील चूक पुढील अंकांत दुरुस्त केली, तरी मूळ चूक कागदावर कायम राही. पटलावरील मजकूर मागाहून बदलल्यास पूर्वपाठ उरेलच असें नाहीं. पाठभेद आहे, पण प्रत नाहीं, अशी ही अपूर्व अडचण होय. अमुक दिवशीं लोकांनीं काय वाचिलें, हा साधा प्रश्नहि पुढील संशोधकास सुटणें कठीण.

वृत्तपत्रें आगामी काळांत कोणत्या रूपानें जगतील, हें सांगणें इतिहासाचें काम नव्हे. जें निघालें तें राखणें, हें मात्र आहे. छायाप्रत घेऊन मूळ अंक रद्दींत घालणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं; कागदाची जात, टाइप, जाहिराती, समासांतील वाचकांच्या नोंदी, हींहि साधनेंच. ज्यांच्या घरीं जुन्या अंकांचे गठ्ठे असतील, त्यांनीं पत्राचें नांव, वर्ष, उपलब्ध व गहाळ अंक यांची यादी करून ती जवळच्या ग्रंथसंग्रहालयास कळवावी, इतकीच विनंति.