अंगठीची साक्ष : रिमेकमधले जुने चेहरे

१/१६
मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर काळू नदीच्या काठी टिटवाळा वसले आहे. कण्व मुनींचा आश्रम येथेच होता, अशी लोकश्रद्धा आहे. दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला, तेव्हा कण्वांच्या सांगण्यावरून तिने येथे गणेशाची आराधना केली आणि तिचा संसार पुन्हा जुळला, असे सांगतात. विवाह जुळावा म्हणून आजही कित्येक जण या महागणपतीच्या दर्शनाला येतात.

२/१६
इतिहासाच्या कसोटीवर ही श्रद्धा आहे, पुरावा नव्हे. कालिदासाने आश्रम मालिनी नदीच्या तीरावर ठेवला आहे. उत्तराखंडात कोटद्वारजवळही कण्वाश्रम दाखवतात. लोकप्रिय कथेला अनेक गावे लाभतात, तशीच तिची अनेक रूपेही होतात. मग नव्या रूपात जुन्या रूपातला एखादा माणूस मुद्दाम का आणला जातो? रिमेकमध्ये मूळ चित्रपटाचा नट क्षणभर येऊन जातो, त्या पाहुण्या भूमिकेमागे काय दडलेले असते? उत्तराची सुरुवात शकुंतलेपासूनच होते.

३/१६
महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची कथा आहे. पण तिथे अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. दुष्यंताला सारे आठवत असते. लोक संशय घेतील म्हणून तो भर सभेत तिला नाकारतो, आणि शेवटी आकाशवाणी तिच्या बाजूने साक्ष देते. शाप आणि हरवलेली अंगठी ‘अभिज्ञानशाकुंतला’तून सर्वांच्या परिचयाची झाली. ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळख, आणि ओळख पटवणारी खूणही.

४/१६
या खुणेचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. माशाच्या पोटात अंगठी सापडते, तेव्हा कोळ्याच्या लेखी ती विकण्याजोगी मौल्यवान वस्तू असते आणि रक्षकांच्या लेखी चोरीचा माल. राजाच्या हाती पडताच मात्र ती आठवण होते. वस्तू एकच, पण ज्याच्यापाशी पूर्वस्मृती आहे, त्याच्याशीच ती बोलते. रिमेकमधली जुन्या नटाची पाहुणी भूमिका नेमकी अशीच असते.

५/१६
पहिले उदाहरण अमेरिकेतले. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हा चित्रपट १९५६ मध्ये आला. परग्रहावरून आलेले जीव माणसांची जागा घेत आहेत, असे ओरडत केव्हिन मॅकार्थी त्यात महामार्गावर धावतो. १९७८ च्या रिमेकमध्ये तोच मॅकार्थी रस्त्यात एका मोटारीवर येऊन आदळतो आणि तोच इशारा देतो. मूळ दिग्दर्शक डॉन सीगल टॅक्सीचालक म्हणून दिसतो. नव्या प्रेक्षकाला हा एक वेडसर वाटसरू वाटावा. जुन्या प्रेक्षकाला मात्र जाणवते, की हा माणूस २२ वर्षे धावतोच आहे.

६/१६
‘केप फिअर’ने याहून पुढचे पाऊल टाकले. १९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक सज्जन वकील होता आणि रॉबर्ट मिचम त्याचा छळ करणारा गुन्हेगार. १९९१ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने रिमेक केला, तेव्हा पेक गुन्हेगाराचा वकील झाला आणि मिचम पोलीस अधिकारी. पूर्वी पोलीसप्रमुख असलेला मार्टिन बाल्सम न्यायाधीशाच्या आसनावर बसला. नव्या चित्रपटात सज्जन आणि दुर्जन यांच्यातली रेषा पुसट केली होती. जुन्या नटांच्या उलटलेल्या जागा हीच गोष्ट एकाही संवादाशिवाय सांगत होत्या.

७/१६
हिंदीतले परिचित उदाहरण ‘जुडवा २’चे आहे. १९९७ चा ‘जुडवा’ आणि २०१७ चा त्याचा नवा अवतार, दोन्ही डेव्हिड धवन यांचे. दुसऱ्यात वरुण धवन नायक आहे. पण अखेरीस मूळचा नायक सलमान खान पडद्यावर येतो. येथे अर्थाची उलथापालथ नाही. जुन्याने नव्याच्या पाठीवर ठेवलेला हात, एवढेच त्याचे प्रयोजन.

८/१६
भाषा बदलली की ही खूण मुकी होते. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ चा. टिटवाळ्याहून मुंबईकडे निघालेल्या लोकलला लागणारे डोंबिवली त्याच्या नावातच आहे. कामत यांनीच तो २००७ मध्ये तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून केला. नायक मात्र नवा होता, आर. माधवन. ‘सैराट’च्या कन्नड अवतारात, २०१७ च्या ‘मनसु मल्लिगे’त, रिंकू राजगुरू आली ती पाहुणी म्हणून नव्हे, तर पुन्हा नायिका म्हणूनच. जिथे जुनी ओळख नाही, तिथे क्षणभराच्या दर्शनाने भागत नाही. पुरी भूमिकाच करावी लागते.

९/१६
ही प्रथा सिनेमाने शोधलेली नाही. मराठी संगीत रंगभूमीवर तिचे मूळ दिसते, आणि तेही शकुंतलेच्याच कथेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. स्वतः अण्णासाहेब सूत्रधार होते.

१०/१६
पंचवीस वर्षांनी, १९०५ मध्ये, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. मिरजेत त्यांनी पहिली भूमिका केली ती शकुंतलेचीच. त्या काळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत शंकरराव मुजुमदार होते. मराठी संगीत रंगभूमीची पहिली शकुंतला नव्या शकुंतलेच्या वेळी पडद्यामागे उभी होती. नाटक मंडळ्यांत भूमिका अशाच एका पिढीकडून दुसरीकडे जात. चित्रफीत नव्हती, जुने प्रयोग माणसांच्या स्मरणातच राहत. म्हणून जुना नट हाच मंडळीचा दफ्तरखाना असे.

११/१६
पुढे ही कथा पडद्यावर आली. प्रभात सोडल्यावर व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. त्याचा पहिला चित्रपट १९४३ चा ‘शकुंतला’. जयश्री शकुंतला, चंद्रमोहन दुष्यंत आणि संगीत वसंत देसाई यांचे. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला. एका पिढीच्या मनात शकुंतलेचा चेहरा म्हणजे जयश्रींचा चेहरा, हे समीकरण पक्के झाले.

१२/१६
अठरा वर्षांनी, १९६१ मध्ये, शांताराम यांनी तीच कथा ‘स्त्री’ या नावाने पुन्हा काढली. या वेळी रंगीत. शकुंतला झाल्या संध्या. दुष्यंत झाले स्वतः शांताराम, साठीच्या उंबरठ्यावर. जुन्या चित्रपटात कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस नव्यात राजाच्या वेषात समोर आला. १९४३ चा राजा, चंद्रमोहन, १९४९ मध्येच निवर्तला होता. जयश्री आणि शांताराम यांचे मार्गही तोवर वेगळे झाले होते.

१३/१६
तरीही जयश्रींची एक खूण ‘स्त्री’मध्ये आहे. जयश्री आणि शांताराम यांची कन्या राजश्री हिची त्यात भूमिका आहे. आईचा ‘शकुंतला’ प्रदर्शित झाला, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. ही रूढ अर्थाने मूळ नटाची पाहुणी भूमिका नव्हे. पण ज्या प्रेक्षकांनी १९४३ चा चित्रपट पाहिला होता, त्यांना या मुलीला पाहताना आई आठवली नसेल, असे मानणे कठीण आहे. विसर पडलेल्या पत्नीच्या कथेत, एके काळी ती भूमिका करणाऱ्या नटीची मुलगी वावरते. इतिहास असे योग कधी कधी आपोआप घडवतो. त्यांची नोंद तेवढी ठेवायला हवी.

१४/१६
नोंद राहिली नाही, तर काय होते? त्याचे उदाहरण भारतीय सिनेमाच्या उगमापाशीच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, अण्णा साळुंके तारामती आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रपट चार रिळांचा होता. १९१७ मध्ये फाळक्यांनीच ती कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुन्हा चित्रित केली.

१५/१६
पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून दोन रिळे जपली आहेत, पहिले आणि शेवटचे. ती १९१३ ची नसून १९१७ च्या चित्रपटाची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कथा तीच, दिग्दर्शक तोच, मांडणीची पद्धतही तीच. मग मूळ कोणते आणि पुनर्निर्मिती कोणती, हे कशावरून ठरवायचे? भारतात १३०० हून अधिक मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम ३० पूर्ण वा तुकड्यांनी उरले आहेत. आपल्या पहिल्या चित्रपटाचे म्हणून जे चेहरे पाठ्यपुस्तकांत येतात, ते कदाचित त्याच्या रिमेकमधले असतील.

१६/१६
पाहुण्या भूमिकेकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही, ते यासाठी. जुना नट नव्या चित्रपटात येतो, तेव्हा तो मूळ चित्रपटाच्या अस्तित्वाची साक्ष देत असतो. पण साक्ष ऐकायला कोणी जाणता हवा. श्रेयनामावलीतले दुय्यम नाव, पूर्वी चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका, नाटकाची जाहिरात, जुन्या मासिकातले छायाचित्र हे सारे त्या जाणतेपणाचे साधन आहे, आणि आजही ते घराघरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत पडून आहे. रद्दीत जाण्यापूर्वी त्यावरचे साल आणि नावे कोणी वाचली, तरच दुष्यंताला अंगठी ओळखता येईल. नाही तर ती कोळ्याच्या हातातले सोनेच राहील.