संगणकीय पिनबॉलचे पुनरुज्जीवन आणि स्थानिक इतिहासाची साधने : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पेशवे दफ्तरातील कागद पुण्यात सुरक्षित होते. परंतु मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांनी ते हाताळल्याशिवाय त्यांतील मजकूर बोलका झाला नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. साधन जपून ठेवणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील धडा होय. संगणकावर निर्माण झालेल्या साधनांच्या बाबतीत हा भेद अधिकच तीव्र होतो. प्रस्तुत लेखात 'थ्री-डी पिनबॉल : स्पेस कॅडेट' या जुन्या खेळाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार केला आहे.

खेळाची पार्श्वभूमी

खिळे ठोकलेल्या लाकडी फळीवर गोळ्या सोडण्याचा बॅगाटेल हा खेळ महाराष्ट्रातील अनेक शहरी घरांत परिचित होता. पिनबॉल हे त्याचेच यांत्रिक रूप. त्याचे संगणकीय रूप अमेरिकेतील सिनेमाट्रॉनिक्स या संस्थेने तयार केले. १९९५ मध्ये मॅक्सिस कंपनीने प्रकाशित केलेल्या 'फुल टिल्ट! पिनबॉल' या संचात एकूण तीन फलक होते. त्यांपैकी 'स्पेस कॅडेट' हा एकच फलक मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज ९५ च्या 'प्लस!' या पूरक संचात दिला. पुढे विंडोज एनटी ४.०, विंडोज २०००, विंडोज मी आणि विंडोज एक्सपी या प्रणालींबरोबर तो आपोआप येऊ लागला. विंडोज ९८ मध्ये मात्र तो अंतर्भूत नव्हता.

जिल्ह्यातील संदर्भ

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक साक्षरता अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने त्याची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात नगर शहराबरोबरच संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव अशा ठिकाणच्या तरुण पिढीचा संगणकाशी पहिला परिचय याच काळात झाला. घरी संगणक आणि इंटरनेट जोडणी या दोन्ही गोष्टी दुर्मीळ असताना प्रणालीबरोबर मिळणारे खेळ विनामूल्य आणि जोडणीविना उपलब्ध होते. डाव्या-उजव्या झडपांसाठी दोन कळा आणि चेंडू सोडण्यासाठी स्पेसबार, एवढ्यावर खेळ चालत असे. इंग्रजीचे जुजबी ज्ञान असलेल्यालाही तो अवघड नव्हता. कळफलकावर दोन्ही हात बसण्यास अशा खेळांचा हातभार लागला असल्यास नवल नाही. म्हणूनच हा खेळ म्हणजे केवळ करमणूक नसून संगणक साक्षरतेच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन ठरतो.

खेळाचे लोपणे

२००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांना उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये हा खेळ नव्हता. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. ६४-बिट प्रणालीसाठी खेळाचे रूपांतर करताना चेंडू आणि फलकावरील वस्तू यांची टक्कर ओळखणारा भाग बिघडला आणि चेंडू वस्तूंच्या आरपार जाऊ लागला. मूळ आज्ञावली बाहेरच्या संस्थेने अनेक वर्षांपूर्वी लिहिलेली होती व तिच्यात स्पष्टीकरणात्मक टिपा नव्हत्या. दोष सापडेना, तेव्हा खेळच वगळण्यात आला. हे स्पष्टीकरण घटनेनंतर काही वर्षांनी दिलेली सहभागी व्यक्तीची साक्ष आहे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी. तरीही टिपांविना लिहिलेले काम पुढील पिढीला परके होते, हा त्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे.

आधुनिक प्रणालींवरील पुनरुज्जीवन

आज हा खेळ खेळण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला, जुन्या एक्सपी संगणकावरील खेळाच्या सर्व फाइली नव्या संगणकावर उतरविणे. ६४-बिट विंडोज अद्याप ३२-बिट कार्यक्रम चालवीत असल्याने हे शक्य होते. दुसरा, नव्या संगणकात आभासी संगणक निर्माण करून त्यात जुनी प्रणाली बसविणे. तिसरा मार्ग अधिक लक्षणीय आहे. २०२१ मध्ये एका स्वतंत्र प्रोग्रामरने तयार कार्यक्रमाचे उलट विश्लेषण करून त्याची आज्ञावली पुन्हा लिहिली व सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे हा खेळ लिनक्ससह अन्य प्रणालींवरही चालू लागला. मात्र चित्रे आणि ध्वनी यांच्या मूळ फाइली वापरणाऱ्याने स्वतः मिळवाव्या लागतात.

याच ठिकाणी कायद्याचा प्रश्न उद्भवतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ अन्वये संगणकीय कार्यक्रमाच्या वैध धारकास सुरक्षिततेसाठी प्रत करण्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी विद्युत स्वरूपात साठवण करता येते. परंतु त्या कृतीची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. जे साधन जन्मतःच संगणकीय आहे, त्याला ही तरतूद पुरी पडत नाही.

स्थानिक साधनांचा प्रश्न

पिनबॉलवर जगभर प्रेम करणारे लोक होते, म्हणून तो वाचला. त्याच संगणकांवर त्याच वर्षांत जिल्ह्यातील महाविद्यालये, सहकारी संस्था आणि पतसंस्था यांनी टंकलिखित केलेल्या अहवालांना, इतिवृत्तांना व स्मरणिकांना असा वाली नाही. श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतील जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेली असत. तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडते. पण पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केले. त्यानंतर निर्लेखित झालेल्या संगणकांबरोबर ते फॉन्टही गेले, तर कागद आहे पण मोडी जाणणारा नाही, अशीच ही अवस्था होय.

निष्कर्ष

संगणकीय साधन केवळ फाइल ठेवल्याने जतन होत नाही. ते चालविणारी प्रणाली, फॉन्ट आणि वापराची माहिती यांचेही जतन करावे लागते. मूळ आज्ञावलीविना एक खेळ पुन्हा उभा राहू शकतो, तर फॉन्टची संकेत-तालिका तयार करून जुने मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये आणणे त्याहून सोपे आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व संगणक विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घ्यावे. जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील फाइली व फॉन्ट यांची नोंद करावी. त्या काळातील केंद्रचालक व विद्यार्थी यांच्या मौखिक साक्षीही नोंदवाव्यात. ही माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांची स्मृती ताजी आहे तोवरच हे शक्य आहे.