कलमतराश

खिशातला जुना चाकू दाखवला की लोक आधी दचकतात. दोष हिंदी सिनेमाचा. पडद्यावर खटकन उघडणारा चाकू इतक्यांदा पाहिलाय की दोन इंचांचं पातं दिसलं तरी माणसाला गुंड आठवतो. माझ्या डब्यातले बरेचसे चाकू मात्र कारकुनी कामाचे आहेत.

आमचं किनवट १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९४८पर्यंत राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू. पटवारी असो की पेशकार, बोरू तासायला कलमतराश लागे. पातळ, छोटं पातं, मिटून खिशात जाणारं. पुढे टाक आला, फाउंटन पेन आलं आणि हाच चाकू आंबा, सुपारी, शिसपेन्सिलीकडे वळला. जुन्या घरांतून तो अजून निघतो. पानाच्या डब्यात नाहीतर कोनाड्यात, गंजून घट्ट बसलेला.

पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रूस असेल तर तो शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा छाप, मूळ १६८२चा. नकलाही चिक्कार, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नये.

आणि हे विलायती पोलाद कुठं येऊन विकलं गेलं बघा. आमच्या दक्षिणेला निर्मळ. त्या भागातलं खनिज कोनासमुद्रमला जाई, मातीच्या मुशीत त्याचं पोलाद होई आणि ते घ्यायला थेट इस्फहानचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी यांनी केलेलं हे वर्णन १८३२मध्ये छापून आलं. त्याच्याही आधी मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी असलंच हिंदी पोलाद लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडलं होतं. तिथं जेम्स स्टोडार्ट या कारागिरानं त्यातून काय घडवलं? तलवार नव्हे, लेखणी तासायचा चाकू! जॉर्ज पिअर्सन यांच्या १७९५च्या निबंधात तशी नोंद आहे. पुढच्या शंभरेक वर्षांत आपल्याकडच्या मुशी थंडावल्या आणि बाजारात शेफिल्डचे चाकू मांडले गेले. मला याचा राग येतो, पण रॉजर्सचं काम चोख होतं हेही खरंच.

आता दुरुस्ती. रेशनला रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी डिझेल वापरतो. चाकू त्यात दोन-चार दिवस बुडवून ठेवायचा, जोर लावायचा नाही. पातं मोडलं की संपलं. मग चाळलेली राख आणि गोणपाटाचा तुकडा. आपल्याकडे घरोघरी करडईचं तेल, पण चाकूच्या सांध्यात ते घालू नये. वाळून चिकट होतं, सांधा पुन्हा धरतो. शिलाई मशीनचं तेल बरं. सांबरशिंगाची मूठ तुटली असेल तर नवं शिंग शोधत फिरू नये, वन्यजीव कायदा आडवा येतो. सागाची पट्टी बसवावी. किनवटात सागाला काय तोटा! पात्यावरचा काळसरपणा तसाच राहू द्यावा. न गंजणारं पोलाद शेफिल्डलाच १९१३मध्ये निघालं. त्याआधीचं पातं लिंबाकैरीनं काळवंडायचंच, तो त्याचा दोष नव्हे.

तुमच्या घरी असा चाकू निघाला तर एवढं करा: धारवाल्याच्या चाकाला तो लावू नका. तिथं छाप घासून जातो आणि पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, ते घरबसल्या परत चढत नाही. निसण्यावर थोडं तेल टाकून हलक्या हातानं धार काढा.