कपिकच्छू, सर्पगंधा आणि कंपवात : एका औषधाच्या इतिहासाची मीमांसा

१

कंपवात हा बहुधा उतारवयात जडणारा आणि मेंदूतील विशिष्ट पेशींच्या क्रमशः होणाऱ्या ऱ्हासातून उद्भवणारा विकार होय. हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा ही त्याची ठळक लक्षणे. त्यावरील प्रमुख औषध म्हणजे लेव्होडोपा. हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांत निसर्गतः आढळते. आणि खाजकुहिली म्हणजेच वैद्यकग्रंथांतील कपिकच्छू अथवा आत्मगुप्ता. या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की कंपवाताचे आजचे औषध प्राचीनांना ज्ञातच होते, असा निष्कर्ष ओघाने काढला जातो. व्याख्यानांतून आणि जाहिरातींतून तो इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की, त्यास सिद्ध इतिहासाची प्रतिष्ठा लाभू पाहत आहे.

हा निष्कर्ष प्रमाणांना कितपत धरून आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला केवळ ग्रंथालयीन महत्त्व आहे असे नाही. तेथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि कवचबीज या नावाने खाजकुहिलीचे बी वैद्यांच्या नित्य परिचयाचे आहे. 'प्राचीन व म्हणून निर्धोक' अशा समजुतीने एखाद्या वृद्ध रुग्णाचे चालू औषध बंद करून त्यास पूड दिली गेली, तर इतिहासातील चुकीचे मोल त्या रुग्णास द्यावे लागेल.

२

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहू. माधवनिदानात वातव्याधींच्या प्रकरणात 'वेपथु' या नावाने सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाचा विकार सांगितला आहे. रोग्याला होणारा कंप हा स्वतंत्र विकार म्हणून ओळखला गेला होता, एवढे यावरून निर्विवाद ठरते. तथापि कंप हे अनेक व्याधींचे लक्षण आहे. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून ज्या व्याधीचे वर्णन केले, तीच व्याधी 'वेपथु' या एका शब्दात अभिप्रेत आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. ती त्यात अंतर्भूत असू शकेल, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

औषधाविषयीची साक्ष याहून वेगळी आहे. भावप्रकाशात कपिकच्छू वृष्य, बृंहण, बल्य व वातहर अशी वर्णिली असून तिच्या बीजाचा वाजीकरणाशी असलेला संबंध विशेषत्वाने सांगितला आहे. माषबलादि क्वाथात ती उडीद, बला, रास्ना, अश्वगंधा इत्यादी द्रव्यांसमवेत येते. पण तेथील प्रधान अधिकार पक्षाघातादी विकारांचा आहे. म्हणजे वातव्याधींवर उपयोगी पडणाऱ्या अनेक द्रव्यांपैकी एक, असे तिचे स्थान दिसते. कंपावरील विशिष्ट औषध म्हणून तिची निवड झाली होती, असे या वचनांवरून सिद्ध होत नाही.

३

आधुनिक संशोधनाचा मार्ग अगदी निराळ्या दिशेने आला. १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळे केले. त्याची मात्रा त्यांनी स्वतः घेऊन पाहिली, तेव्हा त्यांना वांत्या झाल्या. १९३७ मध्ये मद्रास येथील एम. दामोदरन व आर. रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांतून वेगळे केल्याचे 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय संशोधनाच्या इतिहासात ही नोंद महत्त्वाची आहे. परंतु तिचा रोख रसायनशास्त्राकडे होता. या द्रव्याचा कंपवाताशी संबंध जोडण्यास जे ज्ञान आवश्यक होते, ते त्या वेळी जगात कोठेच उपलब्ध नव्हते.

ते ज्ञान मिळण्यास दुसरी एक भारतीय वनस्पती कारणीभूत झाली, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग होय. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये बाझेल येथे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांत कंपवातासारखाच ताठरपणा व मंदपणा दिसू लागला.

स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतील डोपामीनचा साठा रिक्त होतो व डोपा तो भरून काढते, हे या प्रयोगमालेतून उलगडले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व होर्निकिविझ यांनी कंपवाताने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूंत डोपामीनची तीव्र उणीव असल्याचे दाखविले. मेंदूतील 'सबस्टान्शिया नायग्रा' या काळसर भागातील पेशी मरत गेल्यामुळे ही उणीव निर्माण होते. डोपामीन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामीन बनते. १९६१ मध्ये बिर्कमायर व होर्निकिविझ यांनी ते रुग्णांस शिरेवाटे दिले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे हळूहळू वाढविलेल्या मोठ्या मात्रांचा उपयोग सिद्ध केला, आणि मग हा उपचार सर्वत्र रूढ झाला.

४

येथवर आल्यावरच दोन्ही मार्ग एकमेकांस मिळाले. १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांचा खाजकुहिलीने केलेल्या कंपवाताच्या उपचारावरील निबंध प्रसिद्ध झाला. मुंबईतील मज्जाविज्ञानाचे एक प्रवर्तक नोशीर वाडिया हे त्याच्या सहलेखकांपैकी होते. १९९० मध्ये बाल मन्यम यांच्या लेखाने आयुर्वेद व लेव्होडोपा यांच्या संबंधाचा विषय पाश्चात्त्य वाचकांपुढे आला. १९९५ मध्ये बियांपासून सिद्ध केलेल्या एचपी-२०० या औषधाची ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रुग्णांच्या लक्षणांत सुधारणा आढळली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

तुलनात्मक परीक्षा पुढे परदेशांत झाल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील चाचणीत आठ रुग्णांना, कोणते औषध दिले हे कळू न देता, ३० ग्रॅम बीजचूर्ण व प्रचलित गोळ्या आळीपाळीने देण्यात आल्या. चूर्णाचा परिणाम सरासरी सुमारे ३५ मिनिटांत, तर गोळ्यांचा सुमारे ६९ मिनिटांत दिसू लागला. शिवाय चूर्णाचा परिणाम अधिक काळ टिकला. २०१७ मध्ये बोलिव्हियातील १८ रुग्णांवरही एकेका मात्रेचा अनुभव अनुकूल आला. परंतु त्यानंतर १४ रुग्णांना दीर्घकाळ नित्य पूड देऊन पाहिली असता, पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली अधिक बिघडल्यामुळे सात जणांनी ती सोडून दिली. एका मात्रेचे यश आणि नित्योपचाराचे यश यांत केवढे अंतर असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

५

एखाद्या औषधाच्या इतिहासात तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात, हे या हकीकतीवरून ध्यानात येते: व्याधी ओळखली गेली होती काय, द्रव्य वापरात होते काय, आणि त्या द्रव्याचा त्या व्याधीशी असलेला संबंध जाणला गेला होता काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंशतः होकारार्थी आहे आणि दुसऱ्याचे निःसंशय होकारार्थी. तिसऱ्याचे उत्तर मात्र विसाव्या शतकातील प्रयोगशाळेवाचून मिळाले नसते. पहिल्या दोन उत्तरांच्या बळावर तिसरे गृहीत धरणे हा कालविपर्यासाचा दोष होय. त्यायोगे प्राचीन वैद्यांचा गौरव होत नाही. त्यांनी वातव्याधींची जी स्वतंत्र उपपत्ती उभारली, ती मात्र दृष्टीआड होते. तसेच दामोदरन, रामस्वामी, वकील व वैद्य यांनी आपल्याच काळात जे कष्टाने मिळविले, त्याचे श्रेय नकळत त्यांच्याकडून काढून घेतले जाते.

आणखी एक मर्यादा नमूद केली पाहिजे. लेव्होडोपा, मग ते गोळीतील असो वा बियांतील, मेंदूतील उणीव भरून काढते. पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचा या व्याधीशी असलेला संबंध उघडकीस आल्यापासून ऱ्हासाच्या मूळ कारणांचा शोध नव्या दिशेने चालला आहे. तरी ऱ्हास निश्चितपणे रोखणारे औषध अद्याप हाती आलेले नाही.

तेव्हा या विषयात संशोधकांना करण्यासारखे काम विपुल आहे. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सामान्यतः शेकडा ३ ते ६ असे कमीअधिक आढळते. ३० ग्रॅम पुडीत त्यामुळे कोठे ९०० मिलिग्रॅम, तर कोठे १८०० मिलिग्रॅम औषध जाईल. बी दुधात शिजवून व सोलून शुद्ध करण्याची परंपरा आहे. त्या संस्काराने हे प्रमाण किती बदलते, हेही मोजून पाहिले पाहिजे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या वनस्पतींवरील व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ १९७९ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. वनस्पतिशास्त्राचा असा पाया, आयुर्वेद महाविद्यालयातील ग्रंथपरंपरा आणि रसायनशाळेतील मोजमाप यांची सांगड जिल्ह्यातच घालता येण्यासारखी आहे. कपिकच्छूचा उल्लेख असलेले योग कालानुक्रमाने लावून त्यांत कंपाचा अधिकार प्रथम केव्हा व कोठे येतो, याची सूची तयार झाली, तर या वादाचा निर्णय अभिनिवेशावर न राहता पुराव्यावर होईल.