क्रमाने ऐकणे : मुळशीची ओवी आणि वाङ्मयेतिहास

डिव्हाइन या रॅपगायकाचे ‘कोहिनूर’ (२०१९), ‘पुण्य पाप’ (२०२०) आणि ‘गुनेहगार’ (२०२२) हे संग्रह क्रमाने ऐकताना श्रोता नकळत एका कवीचे विकासचरित्र रचू लागतो. प्रकाशनाची सालेच ते सुचवितात. जात्यावरच्या ओवीला असे साल नसते. गी पॉयटवाँ व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगरी खेड्यांतून ओव्यांचे संकलन केले. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १९९० च्या दशकात काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. विषयवार वर्गीकरणात सीता, माहेर, भाऊ असे कप्पे पडतात आणि गाणारी विखुरते. एकाच बाईच्या ओव्या मुद्रणक्रमाने ऐकाव्यात, तर हाती लागतो तिच्या स्मरणाचा क्रम. आईकडून आलेली ओवी आणि स्वतः जुळविलेली ओवी तेथे शेजारी बसतात. पिठाच्या गिरण्यांमुळे घरचे जाते मागे पडल्यावर ही मुद्रणे झाली. म्हणून मुद्रणाचे साल ओवीच्या दळणापासूनच्या ताटातुटीची नोंद ठरते. कालक्रमावर उभा असलेला वाङ्मयेतिहास या कवयित्रींना ‘अनामिक’ म्हणतो. परंतु रचनेचे साल सापडत नाही, एवढ्यावरून गाणारीला नावच नव्हते असे ठरत नाही.